गरम स्लरीच्या पंपाला कोटिंग करायला निघालात? आधी हे वाचा

चार दिवसांच्या शटडाउनला गेलो होतो, सात दिवसांनी सुटलो. पहिले दोन दिवस निवांत होते, त्यांचं सोडा. तिसऱ्या दिवशी पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उघडलं आणि डोकं फिरलं.

सिरॅमिक मणी घातलेलं इपॉक्सी, '१५० अंशांपर्यंत चालतं' म्हणून गळ्यात मारलेलं. स्लरी, म्हणजे घन कण मिसळलेलं पाणी, ९२ अंशांची, म्हणून सगळे निर्धास्त. डेटाशीटच्या तळाची बारीक ओळ कुणी वाचलीच नव्हती: १५० कोरड्यात, सतत बुडालेलं असेल तर ६०. केसिंगच्या जिभेपाशी (आतून बाहेर जायच्या तोंडाशी असलेली कड) नख सारलं तर कोटिंग पापडासारखं उचललं गेलं, खाली काळा गंज. बाकी भागावर फोड. एक टोचला, आतून पाणी आलं. उचललेल्या पापडाची जाडी मोजली तर लावली होती तेवढीच! म्हणजे ते झिजलं नव्हतं, सुटलं होतं. आत गरम पाणी आणि बाहेरून भिंत गार असली की वाफ कोटिंगमधून झिरपत धातूपर्यंत पोचते. केसिंग बाहेरून इन्सुलेट करा, आणि ओल्या वापराचा आकडा लेखी घ्या. तोंडी आकड्याला काडीची किंमत नाही.

बिलात सँडब्लास्टिंग लावलं होतं, पण धातूवर वायर ब्रशचे ओरखडे दिसत होते. तेव्हा ब्लास्टिंगला स्वतः उभे राहा. एसए अडीच दर्जाची सफाई (धातू जवळजवळ पांढरा दिसेपर्यंत), ७५ मायक्रॉनच्या आसपास खरखरीतपणा, आणि धातूचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर. यातलं एकही जमत नसेल तर कोटिंग नकोच.

दुसरा चकवा एचव्हीओएफ टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे गनमधून ज्वाळेच्या अतिवेगवान झोताने कठीण पूड मारून बसवलेल्या कोटिंगचा. शाफ्ट स्लीव्हवर (दांड्यावरच्या नळीवर) झकास, डोळे झाकून करा. पण बंद इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) पात्यांच्या आत ती गन पोचतच नाही. तिला जिथलं दिसतं तिथेच कोटिंग बसतं आणि झीज नेमकी आत होते. एकाने आमच्याकडून पूर्ण इम्पेलरचे पैसे मागितले होते. इम्पेलर सरळ २७ टक्के क्रोमच्या पांढऱ्या बिडाचा घ्या. नैसर्गिक रबर साधारण ७० अंशांच्या पुढे बाद, आणि साधं पॉलियुरेथेन गरम पाण्यात कुजतं. दोन्हींवर वेळ घालवू नका.

सातव्या दिवशी, अंगात त्राण नसताना, पंपाचा वेग ठरवणाऱ्या पुलीकडे लक्ष गेलं. झीज वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग २० टक्के उतरवला तर ती निम्म्यावर येते. हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, मात्र ३६ टक्के पडतो. आमच्याकडे तेवढा हेड फुकट जात होता: डिलिव्हरी व्हॉल्व्ह निम्मा दाबूनच पंप चालवत होते.