शर्यतीतली घोडी पैदाशीसाठी निवडताना

पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली एखादी घोडी पैदाशीसाठी घ्यायची असे मी आणि माझ्या थोरल्या भावाने ठरवले, तेव्हा भेटेल तो जाणकार आधी स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर घोडा, कोणता, हेच विचारी. ते स्वाभाविकही आहे. मागणी असलेल्या स्टॅलियनकडे एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या येऊ शकतात. त्याची शिंगरे धावू लागली की त्याचा कस आकड्यांत मोजता येतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, वर्षाला फार तर एक शिंगरू देते, आणि तिच्याविषयी पुरेसा पुरावा जमेपर्यंत तिचे वय उतरते. तरीही प्रत्येक शिंगराचा निम्मा वारसा तिचाच असतो. शिवाय गर्भाशय, दूध आणि सुरुवातीचा सांभाळ हेही तिचेच. बाजारभाव ठरताना हे पुरेसे धरले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही घोडीच्या आईपासून सुरुवात केली. या व्यवसायात एका आईच्या पोटची शिंगरेच भावंडे मानतात. केवळ बाप एक असल्याने ते नाते लागत नाही. १९९३ साली पॅरिसची आर्क शर्यत जिंकणाऱ्या अर्बन सी या घोडीचे गॅलिलिओ आणि सी द स्टार्स हे मुलगे निरनिराळ्या स्टॅलियनपासून झाले, आणि दोघांनीही एप्समची डर्बी जिंकली, एकाने २००१ मध्ये, दुसऱ्याने २००९ मध्ये. अर्थात प्रत्येक विजेती घोडी उत्तम आई होतेच असे नाही. त्यामुळे मोजक्याच शर्यती जिंकलेली, पण जिची बरीच भावंडे विजयी ठरली आहेत, अशी घोडी आम्ही पसंत केली.

पशुवैद्यांनी गर्भाशयाची सोनोग्राफी व स्वॅब तपासणी केली, स्टड बुकातील, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या अधिकृत नोंदवहीतील, मालकीची नोंद बदलून झाली. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, म्हणून घोडीला स्टड फार्मवरच, म्हणजे स्टॅलियन असलेल्या पैदास केंद्रावरच, पाठवावे लागले. दिवस मोठा झाला की घोडी माजावर येते; म्हणून तिथे हिवाळ्यापासूनच तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे ठेवतात. शिंगरू कोणत्याही महिन्यात जन्मले तरी त्याचे वय त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून धरले जात असल्याने वर्षारंभी जन्मलेल्याला लाभ मिळतो. फळवल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी झालेल्या सोनोग्राफीत जुळे नसल्याची खात्री झाली; घोडीला जुळी क्वचितच झेपतात. पुढच्या हंगामात आम्ही मुद्दाम दुसरा स्टॅलियन निवडणार आहोत, म्हणजे दोन्ही शिंगरांत जे समान उतरेल ते आईकडचे असण्याची शक्यता अधिक राहील.