त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने

आमच्या सोसायटीत 24 फ्लॅट. उपविधींप्रमाणे सभेला दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. म्हणजे आमचा कोरम 16. मी सेक्रेटरी झाल्याला चार वर्षं झाली. ठरल्या वेळेला 16 डोकी काही मी पाहिलेली नाहीत. नोटिशीच्या तळाशी एक वाक्य असतं ना, 'कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही', ते सगळ्यांना आरतीसारखं पाठ आहे. दहाची सभा म्हणजे साडेदहा.

दहाला हजर असतात ते फक्त दुसऱ्या मजल्यावरचे काका. मांडीवर अहवाल, त्यात लाल पेनच्या खुणा.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस 14 दिवस आधी द्यायची, आणि मध्ये गणपती. त्यामुळे आमचा मुहूर्त बहुधा पितृपक्षातल्या रविवारी निघतो. कुणाकडे कार्य नसतं, माणसं घरी सापडतात. वडे मागवतो. पहिल्या वर्षी ते सभेआधी वाटले, तर तिसऱ्या विषयापर्यंत समोर नुसत्या खुर्च्या उरल्या. तेव्हापासून नोटिशीत 'सभेनंतर अल्पोपहार' असं लिहितो, आणि 'नंतर' ठळक अक्षरांत.

यंदाचा विषय लिफ्टचा. मोठी दुरुस्ती, साडेतीन लाख. तळमजल्यावरच्या वहिनी काय म्हणणार हे मला तोंडपाठ होतं : आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, पैसे का द्यायचे? वापरा किंवा वापरू नका, लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा, असं उपविधींत आहे. मागे एकदा हाच नियम मी भर सभेत खणखणीत वाचून दाखवला होता. नियम बरोबर होता. वहिनी उठून गेल्या आणि पुढचे सहा महिने जिन्यात माझ्याकडे बघेनात.

म्हणून या खेपेला आठ दिवस आधी त्यांच्याकडे चहाला गेलो. नियमाचं पुस्तक घरीच ठेवलं. दुसऱ्या कपाला कळलं की पैशांचं एवढं काही नव्हतंच. पावसाळ्यात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं, पंप लावून उपसतात, आणि पाईप आखूड म्हणून ते गढूळ पाणी थेट यांच्या उंबऱ्याशी. इतकी वर्षं! रांगोळीसकट वाहून जायचं. चाळीस फूट पाईप आणला, प्रश्न मिटला.

मग काकांकडे. तिन्ही कोटेशनं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं, आणि सगळ्यांत स्वस्त कोटेशनमध्ये वायरदोर, म्हणजे लिफ्ट ज्याला लटकते तो दोरच, धरलेला नाही हे पाच मिनिटांत दाखवलं. आमच्या कमिटीतल्या सात जणांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. (हे मी सभेत सांगितलं. काका नको नको म्हणाले, पण ताठ बसले.)

सभेत लिफ्टला दहा मिनिटंही लागली नाहीत. सूचक काका, अनुमोदक तळमजल्यावरच्या वहिनी. मी मनात म्हटलं, जिंकलो. मग 'ऐनवेळचे विषय' आले आणि पार्किंगमधल्या कबुतरांवर पाऊण तास गेला. जाळी, दाणे, कुणाची बाल्कनी, कुणाची सून. कबुतरांच्या घरी चहाला जायचं राहिलं होतं.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो. त्या पाऊण तासाचं एकच वाक्य झालं : 'साधकबाधक चर्चेअंती विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला.' शाई वाळलीही नाही तोच काकांचा फोन.

"अहो सेक्रेटरी, वडे गार होते, हेही येऊ द्या त्यात."