लिओला वाजवता येत नव्हती

टेलिकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचं किट मागवलं की घरी खोकं येतं, गिटार नाही. आत बासवूडची जाड फळी, मेपलचा नेक म्हणजे बोटं फिरतात ती दांडी, तारांची थरथर पकडणारे दोन पिकअप, तारा अडकवायचा ब्रिज, सहा खुंट्या, स्विच, पुडीतले स्क्रू आणि एक कागद, ज्यावरच्या सूचना वाचून एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला घरी जायची घाई होती. आई फळी उलटसुलट करून म्हणाली, "पाट छान आहे रे, पण जेवायला बसणार कोण? सगळे टेबलावर जेवता."

गिटार वाजवणाऱ्या मित्राची प्रतिक्रिया जास्त लागली. "म्हणजे तू गिटार बनवणार नाहीस, जोडणार आहेस." त्याच्या बोलण्यात 'जोडणार' हा शब्द जरा खालच्या पट्टीत होता.

आता ह्या गिटारचा इतिहास बघा. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, आणि पुढे जगभर नाव झालं तरी तो शिकला नाही. गायकवादक बिघडलेलं सामान घेऊन दुकानात यायचे आणि हा ते खोलून बघायचा. 1950 साली त्याने जी गिटार काढली ती दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातूनच निघालेली होती. फळीला नेक सरसाने चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी आवळलेला. बिघडला, काढा, दुसरा लावा. तिचं नाव होतं ब्रॉडकास्टर, पण ग्रेच कंपनीच्या ड्रमचं नाव जवळपास तेच असल्याने ते सोडावं लागलं आणि 1951 मध्ये टेलिकास्टर हे नाव आलं. मधल्या महिन्यांत लेबलावरचा तेवढा शब्द कापून गिटारी विकल्या गेल्या. त्यांना आज नोकास्टर म्हणतात आणि त्यांची किंमत सभ्य माणसाने विचारू नये. माझं म्हणणं एवढंच की ही गिटार जन्मली तीच किट म्हणून. कारखान्यातलं शेवटचं टेबल आपण घरी आणतो, बस.

जोडणाऱ्यांची परंपराही काही हलकी नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरची दुय्यम प्रतीची बॉडी आणि ऐंशी डॉलरचा नेक जोडला, जुन्या गिब्सनमधला पिकअप त्यात बसवला, वर सायकलच्या रंगाचे पट्टे मारले. क्वीन ह्या इंग्लिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याची गोष्ट मला त्याहून आवडते. 1963 मध्ये शाळकरी वयात वडिलांना हाताशी घेऊन त्याने गिटार करायला घेतली. नेकसाठी शंभराहून जास्त वर्षांच्या शेकोटीच्या चौकटीतलं महोगनी घेतलं, किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्यांनी बुजवली. फ्रेटबोर्डावरचे, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. हीच गिटार पुढे क्वीनमध्ये वाजली, आणि तिच्या शेजारी उभा राहून गायला तो फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. स्ट्रॉबेरी खायला पाचगणीला जाणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

किटमध्ये खरी मोकळीक मिळते ती हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्या बसतात तिथे. फेंडरच्या हेडस्टॉकचा आकार ट्रेडमार्क असल्यामुळे किटवाले तिथे नुसती कोरी, रुंद पट्टी ठेवतात. आकार तुम्ही काढा. मग घरातला प्रत्येक जण चित्रकार होतो. भाचीला मोर हवा होता, शेजारच्या काकांना सोंडेची बाक असलेला गणपती. पण खुंट्यांची भोकं आधीच पाडलेली असतात आणि तार नटवरून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवरून, खुंटीकडे शक्य तितकी सरळ जायला हवी, त्यामुळे आपलं स्वातंत्र्य काठापुरतंच. मी पुठ्ठ्यावर आकार कापून पट्टीवर गिरवला, बारीक पात्याच्या करवतीने रेघेच्या बाहेरून कापलं आणि कानस घेतली. मेपल कडक लाकूड. लांबीच्या बाजूने कानस सरळ धावते, पण टोकाला, जिथे तंतू आडवे कापले जातात, तिथे दर फेरीला नवा ओरखडा उठतो. तिथला ओरखडा काढायला 120 नंबरचा पॉलिश पेपर, त्याचा ओरखडा काढायला 240, त्याचा काढायला 400. शेवटी बोटाला काठ कुठे संपला ते कळत नाही, तेव्हा थांबायचं.

रंगासाठी मी आमच्या सोसायटीत फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या काकांना गाठलं. बासवूड इतकं मऊ की नख लागलं तरी वळ उठतो. त्यांनी फळीवर अंगठा दाबला आणि मान हलवली. "दादा, आधी सीलर. मग लाखेच्या पॉलिशचे पातळ हात मारा. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत उरका." दमट हवेत हे पॉलिश पांढुरकं पडतं, हे त्यांचं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. पॉलिशमध्ये पुडीतला हिरवा रंग मिसळून, कपड्यात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने ते चढवायचं. फ्रेटबोर्ड मात्र तसाच ठेवला. ती पट्टी शिसवीची. आजोळच्या झोपाळ्याचं लाकूड जगभरातल्या गिटारींवर बोटांखाली असतं, ह्याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

आता गंमत अशी की ह्यातल्या कशाचाच आवाजाशी फारसा संबंध नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकापुढे थरथरते, वेढ्यांत वीज उपजते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं तेच. पिकअपला हिरवा रंग दिसत नाही, मोरही दिसला नसता. लाकडाने आवाज बदलतो की नाही ह्यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर थोडा बदलत असेल, पण भांडणाइतका नाही. 1940च्या सुमारास लेस पॉल ह्या अमेरिकन गिटारवादकाने चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप लावून गिटार केली. लोकांना काही ती भावली नाही. मग त्याने एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन अर्ध ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना लावले. आवाज तोच, पण आता लोक ऐकू लागले.

आवाज घडतो तो रंग वाळल्यावर. पुण्याच्या तापकीर गल्लीतून तांब्याची चिकटपट्टी आणली आणि वायरिंगच्या खोबणीला आतून अस्तर लावलं, नाहीतर घरातली 50 हर्ट्‌झची वीज पिकअपमध्ये घुसून गुणगुणत बसते. पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाच्या, पाठीवर अर्थची वायर डकवताना आधी पाठ खरवडायची, सोल्डरिंग गन चांगली तापू द्यायची. जोड चकचकीत दिसला तर पक्का, मळकट आणि दाणेदार दिसला तर तो पुन्हा करायचा. एक वायर ब्रिजखाली जाते. ती नीट लागली असेल तर तारांना हात लावताच गुणगुण खाली बसते.

मग तारा. नऊ नंबरचा संच सुरात लावला की सहा तारा मिळून नेकला सुमारे 38 किलोने ओढतात. नेक किंचित वाकतो. तो किती वाकू द्यायचा हे आतल्या पोलादी सळईवर ठरतं, आणि ती ॲलन कीने पाव पाव आट्याने फिरवायची. तार खाली घ्यावी तर फ्रेटला, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, घासून खरखरते, वर घ्यावी तर बोटं दुखतात. ह्या खरखरीपायी गिटारवाले रात्री जागतात. आणि इकडे मिरजेत, जिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथले कारागीर नेमकी तीच खरखर आणण्यासाठी घोडीचा माथा कानसीने घासत बसतात. तार घोडीला हलकेच चाटत राहावी म्हणून जवारी काढायची, शिवाय तारेखाली सुताचा धागा सरकवून ती अचूक जागी आणायची. आपण तिला जवारी खुलली म्हणतो आणि खुश होतो. गिटारवाला हेच ऐकून दुरुस्तीला टाकेल. मी स्वतः खरखर काढली, पण जाड तारेवर अगदी पुसटशी राहू दिली. वाजवताना ॲम्पमधून ती येत नाही.

वाजवताना म्हणजे मित्र वाजवताना. मला मोजून चार कॉर्ड येतात, आणि "मग बनवलीस कशाला?" ह्या प्रश्नाला मी लिओ फेंडरचं नाव सांगून मोकळा होतो. मित्र रविवारी आला, तासभर वाजवली, वरच्या पट्टीतही सूर पक्का आहे का ते बाराव्या फ्रेटवर तपासून पाहिलं, काही सापडलं नाही. गिटार खाली ठेवताना म्हणाला, "हेडस्टॉक भारी काढलायस रे. आणि हा हिरवा कुठला?"

आवाजाबद्दल अवाक्षर नाही. मी त्याला पॉलिशवाल्या काकांचा नंबर दिला.