इंचभर माया : आमची वाटचाल

आमच्या कोटाच्या मानेशी जी पांढरी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर नाव नसतं. खाक्याचा, म्हणजे कपड्याच्या कागदी नमुन्याचा, नंबर असतो, कापड बेतल्याची तारीख असते आणि ज्यानं बेतलं त्याच्या आद्याक्षराचे चार टाके असतात. "नाव छापायचं राहिलं का?" असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच. राहिलेलं नाही. माझं नाव मी 2016 साली विकलं. त्या नावाचे कोट आजही शिवले जातात, विकले जातात, चांगले खपतातही. त्यात माझा हात नाही इतकंच.

पहिली सुरुवात 2009 ची. शिलाईची दोन मशिनं, कटिंगचं एक लांब टेबल, मी, कापड बेतणारे मास्टर, आणि हिशेबाला माझा धाकटा भाऊ. एकच वस्तू करायची ठरवली होती: सरळ बेताचा, गुडघ्याच्या खाली जाणारा कोट. त्याची ओळख झाली ती त्याच्या आतल्या बाजूमुळे. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत आम्ही इंचभर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडायचो. तयार कपड्यात ती तीन सूत मिळाली तरी नशीब; इंचाचे सूत आठ. माणूस सुटतो, आटतो, बाळंतपण होतं, आजारपण येतं. शिवण उसवायची, माया सोडायची किंवा घ्यायची, कोट तोच. ही कल्पना माझी नव्हे, मास्टरांची. त्यांच्या हातची ती जुनी सवय होती. मी फक्त ती मोडू दिली नाही.

सात वर्षांत ऑर्डरी वाढल्या. धंदा वाढला की हातात पैसा खेळतो, असं बाहेरच्यांना वाटतं. कपड्याच्या धंद्यात उलटं होतं. कापडाचे पैसे आधी मोजायचे. नमुने करायचे, त्यातले निम्मे बाद. मजुरी दर आठवड्याला. माल दुकानात पोचला की साठ-नव्वद दिवसांनी पैसे, आणि तोवर पुढच्या हंगामाचं कापड उचलायची वेळ आलेली असते. ऑर्डर दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट. बँकेला तारण हवं असतं, आणि आमच्याकडे तारण ठेवण्यासारखं एकच होतं. ते होतं लेबलवर.

तेव्हा एक मोठी कंपनी आली. तिचं नाव इथं लिहिणार नाही. करारात तसं बंधनही आहे आणि मला हौसही नाही. 51 टक्के हिस्सा त्यांचा, ट्रेडमार्क आणि सगळे खाके त्यांच्या मालकीचे, मी पाच वर्षांसाठी क्रिएटिव्ह डायरेक्टर. किमतीवर आम्ही चार महिने घासाघीस केली. नावाच्या कलमावर चार मिनिटंही घालवली नाहीत. भावानं विचारलं होतं, "ताई, 'याच्याशी साधर्म्य असलेलं कोणतंही नाव' म्हणजे नक्की काय गं?" मी म्हटलं, "मी कुठं जाणार आहे? माझंच तर नाव आहे."

पुढचं सगळं मला आधीच वाचता आलं असतं. छापील होतं, जगजाहीर होतं. हॅल्स्टनचीच गोष्ट घ्या. अमेरिकेतला सत्तरच्या दशकातला सगळ्यात गाजलेला डिझायनर. 1973 मध्ये त्यानं आपलं नाव नॉर्टन सायमन या कंपनीला विकलं. दहा वर्षं बरी गेली. मग जेसी पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानसाखळीसाठी स्वस्त कपडे करायला गेला, तर बर्गडॉर्फ गुडमन या श्रीमंतांच्या दुकानानं त्याचा उंची माल ठेवणं बंद केलं. मूळ कंपनी या हातातून त्या हातात जात राहिली आणि 1984 पर्यंत त्याच्याच कचेरीत त्याचं काही चालेना. नाव परत विकत घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, जमलं नाही. 1990 मध्ये गेला तेव्हा 'हॅल्स्टन' म्हणून काही विकायचा हक्क त्याला नव्हता.

किंवा 1999 हे साल बघा. तेव्हा मोठ्या समूहांना लेबलं गोळा करायचा सोस लागला होता. इटलीच्या प्राडानं त्या एका वर्षात जर्मन डिझायनर यिल झांडरच्या कंपनीचा ताबा घेतला आणि ऑस्ट्रियन डिझायनर हेल्मुट लांगच्या कंपनीचे 51 टक्के घेतले. समूहाचं गणित सरळ असतं: कोट विकून जितकं मिळतं त्याहून जास्त तेच नाव अत्तराच्या बाटलीवर, चष्म्यावर, पर्सवर लावून मिळतं. नावाला कापड लागत नाही. झांडरबाईंना मात्र कापडच महत्त्वाचं. 1968 पासून त्यांनी हॅम्बुर्गमध्ये जे उभं केलं ते उत्तम कापड आणि नेमका बेत या दोनच गोष्टींवर. प्राडाचे प्रमुख बेर्तेल्ली खर्च कमी करा म्हणू लागले आणि वाद पेटला. जानेवारी 2000 मध्ये, व्यवहाराला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, बाई बाहेर पडल्या. 2003 मध्ये परत आल्या, 2004 मध्ये पुन्हा गेल्या. कंपनी पुढं आणखी दोनदा विकली गेली. 2012 मध्ये त्या तिसऱ्यांदा आल्या आणि 2013 मध्ये तिसऱ्यांदा गेल्या. लोक याला हट्ट म्हणतात. मला त्या येण्याजाण्याचं कधी नवल वाटलं नाही. माझ्या जुन्या दुकानाची काच दिसली की माझेही पाय आपोआप तिकडं वळतात.

लांगचं अधिक धारदार. 2004 मध्ये उरलेला हिस्साही प्राडाकडं गेला, 2005 च्या सुरुवातीला तो निघून गेला आणि कपडे करणंच सोडून शिल्पकार झाला. 2010 मध्ये त्याच्या स्टुडिओच्या इमारतीला आग लागली, जपून ठेवलेल्या कपड्यांचं नुकसान झालं. त्यानंतर त्यानं उरलेले सुमारे 6000 कपडे यंत्रात घालून फाडले आणि त्या चिंध्यांचे उभे खांब केले. 2011 मध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. मी त्यांचे फोटो पाहिलेत. जवळून पाहिलं की कुठं शिवणीचा तुकडा दिसतो, कुठं लोकर.

आमच्याकडं आग वगैरे लागली नाही. एक बैठक झाली.

कंपनीनं आमचे खाके संगणकावर चढवले होते. मार्कर म्हणजे कापडावर सगळे भाग कसे बसवायचे त्याची मांडणी. पूर्वी ती मास्टर टेबलावर खडूनं करायचे, आता सॉफ्टवेअर करतं, आणि ते मास्टरांपेक्षा कमी कापड वाया घालवतं हे मला मान्य आहे. त्या दिवशी पडद्यावर दोन मार्कर शेजारी शेजारी होते. डावीकडे इंचभर माया, उजवीकडे तीन सूत. एका कोटामागं अकरा सेंटिमीटर कापड वाचत होतं. गुणिले वीस हजार कोट. मी म्हटलं, "बटणं बदला, अस्तर बदला, पाहिजे तर माझा पगार कापा. माया काढू नका." समोरचे गृहस्थ अतिशय सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, ग्राहकाला ती दिसतच नाही."

खरंच दिसत नाही. आणि आकडे चुकीचे नव्हते. ज्याला कोट घट्ट होतो तो नवा घेतो, हेही त्यांच्या गणितात होतं; ते कुणी बोललं नाही, पण तक्त्यात 'पुनर्खरेदी' नावाचा रकाना होता. मास्टर माझ्या शेजारी बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, तीन सुतात सुई धरता येते. हात नाही घालता येत."

त्यानंतर छातीतला हातानं टाचलेला कॅनव्हास गेला, चिकटवायचं फ्यूजिंग आलं. मग कापडाची गिरणी बदलली. विक्रीनंतर सव्वीस महिन्यांनी मी राजीनामा दिला. उरलेल्या हिश्शाचे पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. त्याबाबत तक्रार नाही. तीन वर्षं कपड्यांचा धंदा करायचा नाही आणि नाव कधीच वापरायचं नाही, हे दोन्ही मी सही करून कबूल केलेलं होतं. तपकिरी कागदाचे दोनशे बारा खाके हुकांना टांगलेले होते, ते तिथंच राहिले. माझी कात्री मात्र आणली. ती यादीत नव्हती.

मधली तीन वर्षं मी मुलांना खाके काढायला शिकवलं. पहिल्याच महिन्यात प्रश्न आला: वर्गाच्या जाहिरातीत माझं नाव लिहायचं की नाही? वकिलांनी मला जोसेफ अबूदचं प्रकरण समजावलं. या अमेरिकन डिझायनरनं 2000 मध्ये आपले ट्रेडमार्क साडेसहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले. पुढं नवं लेबल काढलं, 'जॅझ' नावाचं, आणि हे जोसेफ अबूदनं केलेलं आहे एवढं त्याला जाहिरातीत सांगायचं होतं. त्यावरून खटला झाला, तो अपिलात गेला, आणि अखेर वाक्याच्या ओघात, ठळक न करता आपलं नाव लिहायची मुभा त्याला मिळाली. स्वतःच्या नावाचा टाइप केवढा असावा हे न्यायालयानं ठरवायचं! युरोपात एलिझाबेथ इमॅन्युएल यांना तेवढंही सुख मिळालं नाही. 1981 मध्ये डायनाचा लग्नाचा पोशाख केला त्या जोडीतल्या त्या. त्यांचं नाव दुसऱ्यांच्या हाती गेल्यावर त्यांनी म्हटलं, हे नाव वाचून लोकांना वाटतं की कपडे मी केलेत, ही फसवणूक आहे. 2006 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की काहींचा असा समज होईलही, पण तेवढ्यावरून ट्रेडमार्क फसवा ठरत नाही.

आम्ही जाहिरातीत फक्त 'खाके शिका' लिहिलं आणि खाली फोन नंबर.

2021 मध्ये बंधन संपलं. मास्टर एव्हाना तिथून बाहेर पडले होते. आम्ही तिघांनी पुन्हा टेबल मांडलं, या वेळी भागीदारीत, मास्टरांचा हिस्सा धरून. नव्या लेबलला काय म्हणायचं यावर महिनाभर डोकं खाजवलं. भावाला टोपणनाव हवं होतं. मी त्याला फ्रेंच डिझायनर एर्व्हे लेजेची गोष्ट सांगितली. अंगाला पट्ट्या गुंडाळल्यासारखा तो प्रसिद्ध ड्रेस याचाच. मूळ आडनाव पेन्ये. लेजे हे नाव त्याला कार्ल लागरफेल्डनं सुचवलं. पुढं कंपनी बीसीबीजी मॅक्स अझ्रिया या अमेरिकन कंपनीकडं गेली, हा बाहेर पडला आणि ते घेतलेलं नावही त्याच्याकडं उरलं नाही. मग तिसरं नाव घेतलं: लेरू. म्हणजे तांबड्या केसांचा. हँडबॅगांसाठी गाजलेल्या केट स्पेडनं तर आपलं नाव विकून नवं लेबल 'फ्रान्सिस व्हॅलेंटाइन' काढल्यावर स्वतःचं आडनावही बदलून घेतलं. फ्रेंच डिझायनर रोलाँ मूरे त्यातल्या त्यात नशीबवान. 2005 मध्ये भागीदारांपासून वेगळा झाला, काही वर्षं नुसत्या 'आरएम'वर भागवलं आणि 2010 मध्ये नाव परत मिळवलं.

"मग नावच नको," मास्टर म्हणाले, आणि विषय संपला. कोरी पट्टी ही काही आमची अक्कल नाही. बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाची पांढरी कोरी पट्टी, चार कोपऱ्यांत चार टाके, जगप्रसिद्ध आहे. आणि कोऱ्या पट्टीनं काही वाचतं असंही नाही: 2002 मध्ये डीझेल या जीन्सच्या कंपनीच्या रेन्झो रोस्सोनं ती कंपनी घेतली, 2009 मध्ये मार्जिएला गेला आणि ते चार टाके आजही पडतातच.

विकणारे सगळेच पस्तावतात असं मी म्हणणार नाही. बेल्जियमच्याच ड्रीस व्हान नोटननं 2018 मध्ये पुइग कंपनीला बहुसंख्य हिस्सा दिला, सहा वर्षं काम केलं आणि 2024 मध्ये शांतपणे, टाळ्या घेत निवृत्त झाला. इंग्लंडच्या स्टेला मॅकार्टनीनं एका मोठ्या समूहाशी पहिल्यापासून निम्मी-निम्मी भागी ठेवली होती. 2018 मध्ये तो अर्धा वाटा परत घ्यायचा व्यवहार तिला करता आला. आमच्याकडंही गेल्या दोन वर्षांत दोघं विचारून गेले. भाऊ आकडे ऐकून घेतो. घ्यावेत, खड्डा अजून आहेच. मी फक्त विचारते की शिवणीत किती सूत ठेवणार. एकानं परत फोन केला नाही. दुसऱ्यानं सूत म्हणजे काय ते विचारलं.

मागच्या महिन्यात एक बाई कोट घेऊन आल्या. मानेशी माझं नाव, सोनेरी धाग्यात, आमच्या वेळेपेक्षा जरा मोठं. "बाजूनं दीड इंच सोडून द्या. तुमचे कोट सोडता येतात असं माझ्या बहिणीनं सांगितलं." मास्टरांनी अस्तर उसवलं, शिवण उलटी करून दिव्यासमोर धरली. तीन सूत, त्यातही ओव्हरलॉकचा धागा.

"यात काही नाही," मी म्हटलं.

"पण नाव तर तुमचंच आहे ना?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मास्टरांनी ठेवणीतल्या कापडांतून रंगाशी जुळणारा तुकडा शोधला, अगदी जुळला नाही, आणि दोन्ही बाजूंना बगलेपासून खालपर्यंत पट्टी घालून दिली. पट्टीच्या दोन्ही कडांना इंचभर माया ठेवली. पावतीवर कामाच्या रकान्यात 'पट्टी 2' लिहिलं, आणि मालाच्या रकान्यात, माझ्याकडं न बघता, 'बाहेरचा'.