पेलेंचा न दिसलेला गोल

ज्या शहरात मैदान म्हटले की गोल्फ क्लबचे मैदान आणि खेळ म्हटला की क्रिकेट, त्या नाशिकमध्ये माझ्या पिढीला ब्राझीलचे फुटबॉलपटू पेले भेटले ते केवळ पडद्यावर. 24 सप्टेंबर 1977 रोजी न्यूयॉर्क कॉसमॉस संघाकडून ते कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेले आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला; पण पंचवटीतल्या आमच्या वाड्याला तेव्हा कोलकाता आणि ब्राझील सारखेच दूर होते. पुढे व्हिडिओचे दिवस आले, मामाने भाड्याने कॅसेट आणली आणि जॉन ह्यूस्टन यांचा 1981 सालचा 'एस्केप टू व्हिक्टरी' आम्ही दाटीवाटीने बसून पाहिला. इंग्रजी संवाद निम्म्याहून अधिक डोक्यावरून गेले, पण पेले कोण हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धातील युद्धकैदी आणि जर्मन संघ यांच्यातील सामन्याची ती कथा आहे. मायकेल केन आणि सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्यासोबत बॉबी मूर, ऑस्वाल्डो आर्डिलेस यांच्यासारखे खरे खेळाडू त्यात आहेत, आणि पेले त्रिनिदादचा कॉर्पोरल लुईस फर्नांडिस झाले आहेत. सामन्याची आखणी करताना फळ्यावर खडूने डावपेच मांडले जात असतात. फर्नांडिस पुढे होतो, खडू हातात घेतो आणि चेंडू आपल्याकडे आला की आपण असे, मग असे, मग असे जाऊ आणि गोल करू, असे सांगत फळ्यावरच्या सगळ्या बचावपटूंमधून एकच वळणावळणाची रेघ गोलपर्यंत ओढतो. अभिनय म्हणून त्यात फार काही नाही. पण ही रेघ ओढणारा माणूस आयुष्यभर तेच करत आलेला आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे सगळ्या चित्रपटातला हा सर्वांत खरा प्रसंग ठरतो. पुढे बरगडीला मार बसून तो मैदानाबाहेर जातो, छातीशी हात धरून परत येतो आणि पाठ जमिनीकडे टाकून हवेतच चेंडू जाळ्यात मारतो. (1970 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात निखळलेला खांदा बांधून खेळणारे पश्चिम जर्मनीचे बेकेनबाउअर इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.) चित्रीकरण 1980 मध्ये हंगेरीत झाले, म्हणजे तेव्हा पेले चाळिशीला टेकले होते. सामन्यातील चाली रचण्याचे श्रेयही नामावलीत त्यांनाच आहे.

पेले, म्हणजेच एडसन अरांतेस दो नासिमेंतो, यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1940 रोजी ब्राझीलमधील त्रेस कोरासोंइस गावी झाला; विजेच्या दिव्याच्या एडिसनवरून त्यांचे नाव ठेवले होते. वडील दोंदिन्यो हेही फुटबॉलपटू होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने बाउरू शहरात लहानपणी त्यांनी बूटपॉलिश केले. वाल्देमार दे ब्रितो यांनी त्यांना 1956 मध्ये सांतोस क्लबकडे नेले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, सतराव्या वर्षी, ते स्वीडनमधील विश्वचषकात होते. हा मुलगा अजून पोरकट आहे, त्याला खेळवू नये, असा सल्ला संघाच्या मानसशास्त्रज्ञाने दिला होता. त्या मुलाने वेल्सविरुद्ध एक, फ्रान्सविरुद्ध तीन आणि अंतिम सामन्यात यजमानांविरुद्ध दोन गोल केले. 1962 मध्ये दुसऱ्याच सामन्यात ते जायबंदी झाले, 1966 मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी अक्षरशः लाथाडून त्यांना स्पर्धेबाहेर काढले, आणि 1970 मध्ये मेक्सिकोत तिसरा विश्वचषक त्यांच्या नावावर लागला. खेळाडू म्हणून तीन विश्वचषक जिंकणारा दुसरा कोणी नाही.

आकडे सर्वांना पाठ असतात. मला अधिक नवल वाटते ते या कीर्तीत कॅमेऱ्याने केलेल्या उलथापालथीचे. आपला सर्वांत सुंदर गोल म्हणून पेले ज्याचे नाव घेत, तो 2 ऑगस्ट 1959 रोजी साओ पाउलोच्या रुआ जावारी मैदानावर तिथल्याच जुव्हेंटस क्लबविरुद्ध झाला. बचावपटूंच्या डोक्यांवरून एकामागून एक चेंडू उचलत, त्याला जमिनीचा स्पर्श होऊ न देता, शेवटी गोलरक्षकाच्याही वरून नेऊन त्यांनी तो डोक्याने जाळ्यात ढकलला. या गोलचे चित्रीकरण उपलब्ध नाही. 2004 च्या 'पेले एतेर्नो' या माहितीपटासाठी तो संगणकावर नव्याने घडवावा लागला. ते दृश्य मी पाहिले आहे. चेंडू कुठून कुठे गेला ते त्यात कळते, पण धावणाऱ्या देहाचे वजन त्यात नाही.

याउलट 1970 चे सामने रंगीत प्रक्षेपित झाले आणि त्यामुळे पेलेंचे न झालेले गोलसुद्धा अजरामर झाले. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध मध्यरेषेच्या अलीकडून मारलेला चेंडू खांबाच्या जेमतेम बाजूने गेला. त्यांचा खाली मारलेला हेडर इंग्लंडच्या गॉर्डन बँक्स यांनी झेप घेऊन वर उडवला. उरुग्वेच्या माझुर्किएविच या गोलरक्षकाला तर त्यांनी चेंडूला स्पर्शही न करता हुलकावणी दिली. चेंडू एका बाजूने गेला, ते दुसऱ्या बाजूने धावले आणि मोकळ्या जाळ्यासमोरून फटका बाहेर गेला. हे तिन्ही प्रयत्न फसलेले, तरीही आज फुटबॉलची तोंडओळख नसलेल्यांनीही ते पाहिलेले असतात. जावारीचा गोल मात्र पाहिलेल्यांच्या सांगण्यावरच जगला. भारतीय चित्रपटाचे जनक ज्या त्र्यंबकेश्वरात जन्मले, तिथून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने याची खंत करणे स्वाभाविक म्हणावे.

अभिनेता म्हणून त्यांनी बरेच काही केले, त्यातले सगळेच जपून ठेवण्याजोगे नाही. 1969 मध्ये, म्हणजे माराकाना मैदानावर वास्को द गामाविरुद्ध पेनल्टीवर हजारावा गोल केला त्याच वर्षी, ते 'ओस एस्त्रान्योस' या दूरचित्रवाणी मालिकेत लेखकाच्या भूमिकेत होते. 1972 चा 'आ मार्चा' हा गुलामगिरीच्या निर्मूलनावरचा चित्रपट. कृष्णवर्णीय नायकाची ती भूमिका त्यांनी घ्यावी याला महत्त्व होते. 1986 मध्ये ब्राझीलच्या लोकप्रिय विनोदी चौकडीबरोबर ते पत्रकार झाले. 2016 च्या 'पेले: बर्थ ऑफ अ लीजंड' मध्ये ते हॉटेलातील एक पाहुणा म्हणून क्षणभरच दिसतात, आपल्याकडे त्या चित्रपटाची चर्चा झाली ती ए. आर. रहमान यांच्या संगीतामुळे.

खरे पेले दिसतात ते 2021 च्या माहितीपटात. सुरुवातीला चालताना आधार देणारी चौकट पुढे सरकवत ते रिकाम्या खोलीत येतात, खुर्चीत बसतात आणि चौकट बाजूला लोटतात. 1970 चा संघ मायदेशी परतला तेव्हा लष्करी राजवटीचे प्रमुख मेदिसी यांनी त्याचे स्वागत केले, आणि पेलेंनी त्या राजवटीविरुद्ध कधी आवाज उठवला नाही. पाउलो सेझार काजू या त्यांच्याच सहकाऱ्याने त्यांना यासाठी धारेवर धरले आहे. व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध करणारे मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांच्याशी होणाऱ्या तुलनेला एक ब्राझिलियन पत्रकार उत्तर देतो की, अलींना अमेरिकेत छळाची भीती नव्हती. मला हा युक्तिवाद पटतो, पण पूर्ण पटत नाही. 1995 मध्ये क्रीडामंत्री झालेल्या माणसाला नंतरच्या लोकशाहीत अधिक मोकळेपणाने बोलता आले असते.

29 डिसेंबर 2022 रोजी त्यांचे निधन झाल्यापासून मोबाईलवर त्यांच्या गोलांच्या तुकड्यांचा महापूर आहे, आणि माझा भाचा तेच तुकडे मला पाठवत असतो. त्याला मी 21 जून 1970 चा ब्राझील-इटली अंतिम सामना अख्खा पाहायला सांगितला आहे. तुकड्यांमध्ये चौथा गोल म्हणजे कार्लोस अल्बर्तो यांचा फटका एवढाच उरतो. पूर्ण सामन्यात मात्र चेंडू ब्राझीलच्या अर्ध्या मैदानातून कसा निघाला, क्लोदोआल्दो यांनी एकामागून एक इटालियन कसे चुकवले आणि शेवटी पेलेंनी घाई न करता, उजवीकडून येणाऱ्या कर्णधाराच्या वेगाचा अंदाज घेऊन तो हलकेच कसा सरकवला, हे सगळे सलग दिसते.