कुंपणाबाहेरच्या लोकांनी ठेवलेलं नाव

घानाच्या राजधानीत, अक्राला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन तापायच्या आत, मी देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचं स्मारक गाठलं. आत शिरलं की पाण्याच्या हौदात गुडघे टेकून बसलेले पुतळे दिसतात, प्रत्येकाच्या तोंडाला शिंग लावलेलं. लोक एन्क्रुमांच्या पुतळ्यासमोर फोटो काढत होते. मी आले होते ती त्या पुतळ्याखालच्या जमिनीसाठी.

ब्रिटिशांच्या काळात इथे पोलोचं मैदान होतं, म्हणजे गोऱ्या साहेबांची जागा. मे १९५६ मध्ये अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग इथे वाजवायला आला तेव्हा लाखाच्या घरात माणसं लोटली असं सांगतात. विमानतळावर त्याचं स्वागत झालं ते 'ऑल फॉर यू' या हायलाइफ गाण्यानं. हायलाइफ म्हणजे इथल्या बँडांचं नाचाचं संगीत. ट्रम्पेटवादक ई. टी. मेन्सा आणि त्यांच्या 'टेम्पोज' बँडनं गाजवलेलं गाणं! पुढे पॅरामाउंट क्लबमध्ये आर्मस्ट्राँग आणि मेन्सा एकत्र वाजवायला उभे राहिले. आणि वर्ष उलटायच्या आत, ५ मार्च १९५७ च्या मध्यरात्री, याच मैदानावर घाना स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली. मेन्सांनी त्या स्वातंत्र्याचंही गाणं केलं.

मेन्सा मूळचे अक्राचेच, जन्म १९१९ चा. शाळेत असताना ऑर्केस्ट्रात बासरी वाजवायचे, पुढे सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट हातात आले. शिक्षण फार्मसीचं. पुढे स्वतःचं औषधांचं दुकानही चालवलं. महायुद्धात अक्रात आलेल्या जॅक लेपर्ड नावाच्या स्कॉटिश सार्जंटनं त्यांना श्वास कसा राखायचा, जिभेनं सूर कसा तोडायचा, हे शिकवलं. १९४८ मध्ये टेम्पोजची सूत्रं त्यांच्याकडे आली. मोठाल्या ऑर्केस्ट्रांच्या जागी आटोपशीर बँड, सुरावट ट्रम्पेट-सॅक्सोफोनची, आणि खाली लंडनहून ड्रमर गाय वॉरननी आणलेले बोंगो.

हायलाइफ हे नाव मात्र कुणा वादकानं ठेवलेलं नाही. जुन्या क्लबांत प्रवेश-फी भरून, साहेबी पोशाख करूनच आत जाता यायचं. ज्यांना ते परवडत नसे ते बाहेर उभे राहून ऐकत. आतल्यांची ती 'हाय लाइफ', असं हेच बाहेरचे लोक म्हणू लागले. मला मेन्सा मोठे वाटतात ते इथे. बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव घेऊन त्यांनी ते संगीत बाहेरच्यांच्या हाती दिलं. गा, ट्वी, फांटी, एवे, इंग्रजी, ज्या भाषेत माणसं भेटली त्या भाषेत ते गायले. १९५० पासून बँड घेऊन नायजेरियात जाऊ लागले, आणि तिथले व्हिक्टर ओलाया यांच्यासारखे ट्रम्पेटवादक याच वाटेनं पुढे आले. १९५२ मध्ये डेक्का कंपनीनं त्यांचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हापासून तबकड्या पश्चिम आफ्रिकाभर पोहोचल्या.

दुपारी ट्रोट्रोनं जेम्सटाउन या अक्राच्या जुन्या वस्तीत गेले. ट्रोट्रो म्हणजे आपल्याकडची वडापची गाडी म्हणा ना. माणसं कोंबायची पद्धतही तीच! दीपगृहाखालच्या गल्लीत मासे धुरावर वाळत होते. एका टपरीवर वाट्ये घेतलं, भात आणि चवळी एकत्र शिजवलेलं, वर शितो नावाची झणझणीत मिरचीची चटणी. शेजारी एक आजोबा बसले होते. मी मेन्सांचं नाव काढलं तसे ते हसले आणि मालकिणीकडून रिकामी बाटली आणि चमचा मागून घेतला.

बाटली त्यांनी मांडीवर उभी धरली, तळहातानं मान दाबून, म्हणजे आवाज घुमू नये. आधी तीन ठोके, मग दोन. तीन, दोन. मला वाटलं, अगदी सोपं आहे. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतः गुणगुणायला लागले, तर माझे ठोके लगेच चुकले, कारण गाणं सुरू होत होतं एकीकडे आणि ठोका पडत होता दुसरीकडे. त्यांनी माझं मनगट धरून सहा-सात वेळा फिरवलं. तेव्हा कुठे हात बसला.

मधली काही वर्षं कशी गेली, हेही तेच बोलले. १९८२ पासून दोनेक वर्षं लष्करी राजवटीची रात्रीची संचारबंदी होती. रात्रीच वाजणारं संगीत ते, क्लब बंद पडले, वादक पोटापाण्यासाठी चर्चमध्ये किंवा परदेशात गेले. मेन्सा १९९६ मध्ये गेले.

समोरच्या दुकानातला पोरगा एवढा वेळ मोबाइलवर काहीतरी लावून बसला होता. त्यानं ते बंद केलं आणि आमच्या बाटलीवर टाळ्यांचा ताल धरला. आजोबांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.