ताकातला पालक आणि पेल्यातला पालक

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या घरात पूर्वी आठवड्यातून चार वेळा पालेभाजी होत असे. ती हळूहळू एकदा आणि पुढे पंधरवड्यातून एकदा होऊ लागली. आवड कमी झाली होती असे नाही, भाजी निवडायला बसणारे माणूस घरात उरले नव्हते. आईच्या बोटांना संधिवाताने धरले, मी सकाळी लोकल पकडायची आणि संध्याकाळी सात-साडेसातला परतायची, त्यामुळे जांभळी नाक्यावरून हौसेने आणलेली मेथीची जुडी फ्रिजमध्येच पिवळी पडून कचऱ्यात जाऊ लागली. हिरवी स्मूदी आमच्याकडे आली ती या अडचणीतून. आरोग्याचा ध्यास वगैरे नव्हता, पाच मिनिटांत पाला पोटात जावा एवढीच अपेक्षा होती.

ती अपेक्षा पुरी झाली, हे प्रथमच सांगते. परंतु पहिले सात-आठ महिने मी ती ज्या पद्धतीने केली, ती पद्धत चुकीची होती. रोज सकाळी दोन मुठी कच्चा पालक, एक मोठे केळे, अर्धे सफरचंद, चार खजूर आणि वर चमचाभर मध, असे सगळे मिक्सरच्या भांड्यात फिरवून मी उभ्या उभ्या पिऊन टाकत असे. रंग हिरवा होता म्हणून मी त्याला भाजी समजत होते. चवीने आणि साखरेने ते शिकरणाच्याच जवळचे होते. पुढे पोटाच्या एका वेगळ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात चार मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले: दिवसभरात पाणी किती पिता आणि पालक किती खाता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रवास करणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नसते, म्हणून आम्ही घरून निघताना पाणी पीतच नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी जरा अभिमानानेच दिले आणि ते ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले.

खडा पालकामुळेच झाला असे त्यांनी म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही; माझ्या बाबतीत कमी पाण्याचा वाटा बहुधा मोठा असावा. तरीही कारणमीमांसा समजून घेण्याजोगी आहे. पालकात ऑक्झॅलेट नावाचे एक नैसर्गिक द्रव्य मुबलक असते. ते आतड्यातून शोषले गेले की लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि तिथे कॅल्शियमशी जोडले गेले की त्याचे स्फटिक होतात; मुतखड्यांचा सर्वाधिक आढळणारा प्रकार हा कॅल्शियम ऑक्झॅलेटचाच आहे. मात्र हीच जोडणी लघवीत न होता आतड्यात झाली, म्हणजे पालकाबरोबर त्याच घासात कॅल्शियम असले, तर बरेचसे ऑक्झॅलेट शोषले न जाता शौचावाटे निघून जाते. याखेरीज पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले, तर ऑक्झॅलेटचा मोठा भाग त्या पाण्याबरोबरच जातो.

हे मी घरी येऊन आईला समजावून सांगितले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अगं, म्हणजे ताकातला पालकच की. पालक कधी कच्चा खायचा असतो का?” मला उत्तर सुचले नाही. पालक शिजवून घोटायचा, त्याला ताक आणि डाळीचे पीठ लावायचे आणि वरून लसणाची फोडणी द्यायची, ही आमच्याकडची पातळ भाजी मी लहानपणापासून खात आले होते. ताक त्यात चवीसाठी घालतात असेच मी धरून चालले होते. ज्यांनी ती प्रथम केली त्यांनीही बहुधा चवीसाठीच घातले असेल; पूर्वजांना रसायनशास्त्र ठाऊक होते असला दावा मला करायचा नाही. पण शिजवणे आणि ताक या दोन्ही गोष्टी तिथे आधीपासून होत्या आणि माझ्या मिक्सरच्या भांड्यात दोन्ही नव्हत्या.

तेव्हापासून माझी स्मूदी बदलली. पालक आठवड्यातून दोनदाच घेते, तोही उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून, चाळणीत निथळून, पाणी टाकून दिल्यानंतर. यात क जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात जाते हे खरे. ते मला मान्य आहे. त्यात वाटीभर घरचे दही, आल्याचा तुकडा, भाजलेले जिरे, शेंदेलोण, चमचाभर जवसाची पूड आणि थोडा खोवलेला ओला नारळ घालते. हिरव्या पाल्यातले बीटा-कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी सोबत थोडी स्निग्धता लागते, ती नारळातून मिळते. शेवटी अर्धे लिंबू पिळते, कारण लिंबातले सायट्रेट खड्यांच्या विरोधात काम करते. गोडासाठी फारतर अर्धे केळे किंवा पेरूची फोड. मध आणि खजूर बंद. दह्यातले कॅल्शियम लोहाच्या शोषणात काहीसे आड येते, परंतु पालकातले लोह तसेही फारसे अंगी लागत नाही, त्यामुळे लोहासाठी मी या पेल्यावर विसंबत नाही.

उरलेल्या दिवशी शेवग्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना आणि थोडी मेथी आलटून पालटून येतात. शेवग्याचा कोवळा पाला मला या सगळ्यांत गुणी वाटतो: कॅल्शियम पालकापेक्षा अधिक, शोषले जाणारे ऑक्झॅलेट फार कमी आणि एखाद्या सोसायटीच्या आवारात झाड असले तर फुकट. मेथी मूठभरापेक्षा जास्त झाली की पेला कडू होतो. माठही ऑक्झॅलेटच्या बाबतीत पालकाचाच भाऊ आहे, म्हणून तो भाजीतच बरा. अळू मात्र कोणीही, कितीही हौस असली तरी, कच्चे मिक्सरमध्ये घालू नये; त्यातले सुईसारखे स्फटिक घशाला असे खाजवतात की दुसरा घोट घेण्याचे धाडस होत नाही.

दुधी भोपळ्याबद्दल थोडे गंभीरपणे लिहायला हवे. पाल्याबरोबर कच्च्या दुधीचा रस पिण्याची पद्धत उपवनच्या तळ्याकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांत मी पाहिली आहे. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. 2010 मध्ये दिल्लीत असा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये असे सांगितले. रस काढण्यापूर्वी फोडीचा लहानसा तुकडा चाखावा आणि कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्यावा.

कच्चा पाला धुणे हेही काम आहेच. रुळांच्या कडेच्या मळ्यांना गटाराचे पाणी दिले जाते ही उपनगरांतली जुनी तक्रार आहे आणि बाजारातली जुडी कुठून आली हे आपल्याला सांगता येत नाही. मी पाने देठांपासून सुटी करून मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवते आणि मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुते. याने माती आणि किडे निघतात, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून आषाढ-श्रावणात आमच्याकडे कच्च्या पाल्याची स्मूदी होत नाही. त्या दिवसांत येऊरच्या बायका टाकळा आणि कुर्डू विकायला घेऊन बसतात, त्या भाज्या शिजवून खाव्यात हे उत्तम.

पेल्यातून नेमके किती मिळते, याचाही हिशोब मी एकदा वजनकाट्यावर केला. निवडलेला पाला माझ्या एका पेल्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या सांगते, तेव्हा डब्यातली भाजी आणि रात्रीची कोशिंबीर यांना सुट्टी देता येत नाही. रस गाळून काढण्यापेक्षा स्मूदी बरी, कारण चोथा आत राहतो. तरी चावण्याचे काम वाचल्यामुळे ती भसाभसा प्यायली जाते, म्हणून मी आता बसून, चमच्याने खाते. शरीरातली विषारी द्रव्ये तिच्यामुळे बाहेर पडतात वगैरे जे ऐकू येते ते सोडून द्यावे; ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतच असतात. माझे सकाळचे पोट साफ राहू लागले आणि अकरा वाजताची बिस्किटे सुटली, इतकाच माझा अनुभव आहे.

रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये, कारण पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते आणि प्रमाण अचानक वाढले की औषधाचे गणित बिघडते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमचाही विचार करावा लागतो.

निवडण्याचा मूळ प्रश्न आता रविवारी सुटतो. दोन जुड्या एकदम निवडायच्या, उकळून, निथळून, घोटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायच्या. आठवड्याचे दोन पेले त्यातून निघतात. परवा मात्र ट्रे अर्धा रिकामा सापडला. आईने त्यातल्या सहा वड्या घेऊन, ताक लावून, फोडणी देऊन भाजी करून ठेवली होती. त्या सकाळी मी स्मूदी केली नाही.